आकसण्याची जागा

रात्री अडीचला जाग येते
आणि कारखाना सुरू होतो.
उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक अशा दोन,
कावळा नाक्याच्या वळणावर झुलत येतात,
एक शेंडा हेल्मेटवरनं खरखरत जातो
आणि मी पडते.
पंख्याखाली, उशीवर, रोज पडते.
खऱ्या रस्त्यावर पडले ती एकदाच,
तीही कोपर सोलण्यापुरती.

चार महिने झाले.
स्कूटीवर आईची जुनी चादर,
बॅटरी उतरलेली,
उजव्या आरशात कोळ्यानं बिऱ्हाड केलंय.
मी केएमटीनं ऑफिसला जाते
आणि विचारलंच कुणी तर
पेट्रोलच्या भावावर बोलते.

बाबा उद्यमनगरात पॅटर्न करायचे.
लाकडाची पुली, लाकडाचा पंप,
कधीच न फिरणारे.
शाळा सुटली की मी भुशावर बसून बघायची.
एकदा विचारलं, हे मशीनला बसवतात?
हसले. "लाकूड कुठंच जात नाही, पोरी.
लाकूड वाळूला सांगतं, कुठं रिकामं व्हायचं.
मग लोखंड येतं, तेवढी जागा धरतं."

परवा तिसऱ्यांदा पडल्यावर
हे आठवलं, आणि उठून बसले.
म्हणजे मीपण पॅटर्नच करत होते की!
रात्रपाळी, बिनपगारी,
आणि काय बारीक काम:
ब्रेकची किंकाळी,
कुणाची तरी सुटून पडलेली चप्पल,
सीपीआरच्या व्हरांड्यातला फिनेलचा वास.
हात बाबांचाच. माल तेवढा भलता.

बरं, मग दुसरा करू म्हटलं.
डोळे मिटले. चादर काढली, किक मारली,
गल्लीच्या तोंडाशी आले,
तर ट्रॉली तिथंच उभी, माझी वाट बघत.

बाबा पाणी प्यायला उठले होते.
अंधारातच सांगितलं सगळं.
त्यांनी समजूत घातली नाही.
"भोकं पाडलीस का?"
"कसली?"
"वाळूत, सळईनं. वाफ जायला नको?
कोंडली की फोड येतात आत."
तांब्या खाली ठेवला.
"श्वास घे की मधी मधी.
आणि माप मोठं ठेव.
लोखंड निवताना आकसतं.
फुटामागं एक सूत."
आणि झोपायला गेले.

मोठं ठेवते आता.
नाक्यावर थांबत नाही,
शिवाजी पूल ओलांडून
थेट पन्हाळ्याचा घाट चढते,
मागं बाबा, हातात भाजलेलं कणीस,
प्रत्येक वळणाला उगीचच "सावकाश" म्हणणारे.
ट्रॉली काढून टाकलेली नाही.
खोटा माल बाबांना चालायचा नाही.
ट्रॉली येते. मी डावीकडं घेते,
एक पाय टेकते, पोटापर्यंत श्वास घेते.
ट्रॅक्टरवरचा पोरगा मान डोलावत
मोबाइलवर गाणं ऐकतोय,
त्याला माझं काहीच माहीत नाही.
हिरवा, गोडसर वास येतो,
आणि जातो.
काही रात्री हे जमतं.
काही रात्री अजून फिनेल.

काल रविवारी चादर काढली.
कोळ्याला कागदावर घेऊन जास्वंदीवर सोडलं.
अकराव्या किकला सुरू झाली.
पायांत दळणाचा डबा ठेवला
आणि गिरणीपर्यंत गेले,
गिरणीपासून आले.
मधे एक टेम्पो, एक म्हैस,
आणि कानात माझंच धडधडणं.

पन्हाळा एवढा आकसला, म्हटलं, बाबा!
ते दारातच उभे होते.
डबा उतरवून घेतला,
कट्ट्यावर ठेवला,
आणि वाकून
बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं,
पूर्वी निवलेलं ओतकाम वाजवून बघायचे तसं,
कान लावून.