उत्तरेच्या भिंतीतला नळ

सडबरीत पावसाळे नाही, हिवाळे मोजतात.
नवव्या हिवाळ्यात हा नळ उलला.
टोमॅटो लावणारी ओदील तेव्हा नव्हतीच;
कुणाचं काही अडलं नाही.

आज तेलेस्फोर तळघरात उतरला.
तांब्याचा पाइप कापला, तर
आतून वाटीभर पाणी आलं,
तिच्या शेवटच्या उन्हाळ्यातलं असणार.
मोरी दोन पावलांवर होती.
त्यानं वाटी फळीवर ठेवली.

मग टोपण बसवलं, निळ्या ज्योतीवर
डाग दिला.
"झालं," म्हणाला,
कुणाला तरी.

बाहेरची चावी मात्र
काढली नाही.
बर्फ ओसरलं की
शेजारची मार्गो येते,
दोन्ही हातांनी ती फिरवते
आणि खाली झारी धरून
थांबते,
भरेपर्यंत.