भाड्याची पिन

विजापूर रोडला, पासिंगच्या मैदानाबाहेर
माझी टपरी.
चहा दहा रुपये, पिन पन्नास,
साखळी पायजे तर वर वीस.
रिफ्लेक्टरची पट्टी मागू नका,
चिकटवली की ती परत येत नाही.

पिन म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधली.
वीतभर, अंगठ्याहून जाड,
डोक्याला कडी, पायाला भोक, भोकात लॉक.
भंगारातनं उचललेली,
एमआयडीसीत नरसय्याच्या लेथवर
मापात घासून घेतलेली.
रस्त्यावर निम्म्या ट्रॉल्यांत
सळईचा वाकवलेला तुकडा असतो.
तो साहेबाला दाखवत नसतात.

गाळपाच्या आधी रांग लागते.
एकाचं बघून झालं की
पोरगं पिन काढून पळत आणतं,
मी फडक्यानं पुसतो, पुढच्याला देतो.
सहा हंगाम, एकच पिन.
किती ट्रॉल्या तिच्या जिवावर पास झाल्या
मोजलं नाही.
नोटा मोजल्या.

यंदा येमूल मॅडम बदलून आल्या.
खाकी पँट, गुडघ्याला धूळ.
आधीचे साहेब खुर्चीतनं बघायचे,
ह्या खाली बसतात.
दांडीवर हातोडी मारून
कान देतात,
मडकं घेताना बाई वाजवते तसं.
कडीत बोट फिरवून म्हणतात,
"भोक लांबट झालंय."
एकाला म्हणाल्या,
"रंग आजचा आहे, तडा जुना."

पिनेबद्दल अवाक्षर नाही.
खिशातनं खिळा काढला,
पिनेच्या डोक्यावर एक ओरखडा.
पुढच्या ट्रॉलीला तीच पिन,
दुसरा ओरखडा.
मला टपरीतनं दिसत होतं
पण गिऱ्हाईक होतं, दूध उतू चाललं होतं,
आणि खरं सांगायचं तर
मला वाटलं, नोंदीची काही नवी पद्धत असंल.

दुपारी त्या स्वतःच आल्या.
"साखर कमी."
फळकुटावर पिन ठेवली. सात ओरखडे.
"सकाळपासून सात ट्रॉल्या ओढल्या हिनं.
दमली असेल."
मी हसलो. त्या नाही हसल्या.
"संध्याकाळी सातही घरी जातील,
पिन तुमच्या खिळ्याला राहील.
मग त्या कशानं जोडून जातात?"

उत्तर मला पाठ होतं.
मी दुसरा चहा ओतला.
"एकच सांगितला होता," म्हणाल्या,
दहाची नोट ठेवली, गेल्या.

सातही परत पाठवल्या.
सातही जण माझ्यावर उठले,
"पन्नास काढ बे आधी!"
पाच जणांना दिले. दोघं विसरले,
मी आठवण केली नाही.

दिवस कलताना एकेक ट्रॉली निघाली.
मोकळ्या ट्रॉलीची सळई खडखडते,
खड्ड्यात जास्त.
हा आवाज मी रोज ऐकतो.
त्या दिवशी मात्र
तो वळणापर्यंत जाईस्तोवर
माझ्या हातातला कप तसाच.

शेवटी वांगीचा मल्लेशी.
मागं ट्रॉलीत बायको, पोरगं, पिठाची दोन पोती.
पुढं वडकबाळचा पूल.
"थांब रे," म्हटलं,
सळई उपटून फेकली,
पिन घातली, लॉक लावलं,
हलवून बघितलं.
"किती?" त्यानं विचारलं.
"जा की ओ."

आता रोज कुणीतरी विचारतं, पिन आहे का.
"कामाला गेलीय," म्हणतो.
नरसय्याकडं दोन नव्या टाकायला सांगितल्यात,
विकायच्या. भाव ठरला नाही अजून.

आणि साखळी?
आहे, खिळ्यालाच आहे.
दोनदा फडक्यानं पुसली आज.
साखळीचं नंतर बघू.
चहा सांगा आधी.