एकतारी

एकोणीस हंगाम मी सॅमन कापला.
खाल्ला मात्र नाही.
प्रिन्स रूपर्टच्या धक्क्यावर, पत्र्याच्या त्या लांबलचक शेडमध्ये
मोज्यांवर मोजे, वर रबरी बूट,
आणि पट्ट्यावरून येतच राहणारे मासे,
तोंडं अर्धवट उघडी,
बोलता बोलता मागून कुणी हाक मारल्यासारखी.
घरी येऊन मी अंडं उकडायची.
माशाचा वास नको, म्हणायची.
वास तर माझ्याच केसांत असायचा.

काल कारखान्याला कुलूप लागलं.
मुकादमाने प्रत्येकीच्या हातात एकेक मासा ठेवला
वर्तमानपत्रात गुंडाळून,
आणि एक पाकीट.
पाकिटात काय होतं ते विचारू नका.

मासा चार किलोचा होता.
ओट्यावर ठेवला, सुरी उचलली,
पुढचं हातांनी मला न विचारताच केलं.
कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एकच रेघ.
आतले बारीक काटे बोटांनी एकेक हुडकून काढले,
आणि माझं लक्ष तर खिडकीबाहेर,
पावसात कुणाची तरी होडी ओढत होते तिकडे.

मग थांबले.
इथून पुढे पट्टा जायचा.
पुढे मीठ, डबा, झाकण, दुसरीच कुणी बाई.
आज पुढे कुणी नव्हतं.

क्वानच्या दुकानातून सोया सॉस आणला होता,
तांदळाचं व्हिनेगर आणि तिळाच्या तेलाची चिमुकली बाटली,
जिची किंमत ऐकून मी दोनदा परत ठेवली होती.
तपकिरी साखर घरातच होती, ओल धरून दगड झालेली.
अंगठ्याएवढं आलं किसलं,
लसूण सुरीच्या पात्याखाली चेचला.
इलोइलोत आई माशाला चिंचेचं आंबट लावायची,
साखर लावलेली बघून म्हणाली असती,
मासा आहे की लग्नातली मिठाई?

पाकाला आधी मोठे बुडबुडे आले, फुशारकी मारणारे.
मग बारीक, दाट, एकमेकांना धरून.
चमच्यावरचा थेंब निववला,
चिमटीत घेऊन ताणला: तार निघाली, तुटली.
अजून थोडं.
पुन्हा निघाली, आणि राहिली.
तेव्हा तिळाच्या तेलाचे चार थेंब, जीव मुठीत धरून.

साल तव्यावर चरचरलं.
ब्रशने पाक फिरवला, एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा हात सैल सुटला
आणि पाक ओघळून तव्याला लागला.
धूर. काळा, गोडसर, घशात ठसका आणणारा.
छतावरचा अलार्म असा कोकलला
की कारखान्याचा भोंगा परत सुरू झाला वाटलं.

शेजारची वर्ना झाडू घेऊनच आत आली.
सत्तर वर्षांची, खुर्चीवर चढली,
दांड्याने एक ठोसा. बॅटरी खाली पडली.
मग तिने तव्यात डोकावून बघितलं.
आम्ही त्सिमशियन लोक मासा आठवडाभर धुरात टांगतो,
म्हणाली, तू दहा मिनिटांत उरकलंस.
आणि न सांगता बसली.

एका कडेला करपला होता. उरलेला तुकतुकीत,
ओल्या लाकडासारखा तांबूस.
काटा नुसता टेकवला
आणि मांस आपणहून सुटलं, पाकळी पाकळी.
सुरी लागलीच नाही.
एकोणीस हंगाम, आणि हे मला माहीत नव्हतं.

आधी गोड लागलं, मग खारट,
आणि सगळं संपल्यावर मागाहून आलं आल्याचं तिखट.
करपलेलं साल वर्नाने आपल्याकडे ओढलं.
हे तुला कळणार नाही, म्हणाली,
आणि कुरकुर वाजवत खाल्लं, हाडाशी इमान राखणाऱ्या कुत्र्यासारखं,
माझ्याकडे न बघता.
पाकिटाचं तिनेही विचारलं नाही.

पहाटे साडेचारला जाग आली, सवयीने.
बूट दारात तसेच.
टेबलावर ती बॅटरी.
तव्याच्या कडेला पाक काचेसारखा घट्ट बसलेला,
दिव्याखाली चमकत होता.
नखाने खरवडून तोंडात टाकला,
आणि तो विरघळेपर्यंत
कुठेही जायचं नव्हतं.