पाटीवर नव्हतं ते

यमू देवासकर. पडद्यावर मिस यामिनी.
इंदुरात, तोफखान्यात कंपनी तिची, भाड्याचं आवार.
छत नव्हतंच, ऊन फुकट मिळायचं म्हणून.
माझे आजोबा तिचे कारकून :
सकाळी मोडीत जमाखर्च,
दुपारी काळ्या पाटीवर बाळबोध अक्षरांत
तिचे संवाद.

वही माझ्याकडे आहे.
'पागेतून घोडा, अर्धा दिवस, दोन रुपये.
घोड्याने खाल्लेली फुले, कागदी, सहा आणे.
बाईंचा पगार'
आणि पुढे नुसती रेघ.
अशा रेघा अकरा महिने.

आधीच्या तीन चित्रांत ती दुसऱ्यांची नटी होती.
कान्ह नदीत उडी मार म्हटलं, मारली,
मार्गशीर्षात, पहाटे, दोनदा,
कारण पहिल्यांदा हँडल फिरवणारा शिंकला.
चौथ्याच्या आधी तिने पाटल्या मोडल्या
आणि कॅमेरा घेतला, जुना, जरासा तिरळा.
"आता उडी कुणी मारायची ते मी ठरवीन," म्हणाली,
आणि मारली पुन्हा स्वतःच.
दुसरीला पैसे द्यावे लागले असते.

तंबूत खेळ लागायचा. पेटी, तबला,
पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारे एक गृहस्थ.
आजोबांची धाकटी बहीण कृष्णी, जन्माची बहिरी,
अगदी पुढच्या चटईवर.
राणी मरत होती. बायकांचे पदर डोळ्यांना.
पाटी आली : 'नाथ, या अभागिनीस क्षमा असावी.'
आणि कृष्णी हसली,
घशातून, मोठ्यांदा, तिला यायचं तसं.
दंडाला धरून बाहेर नेलं तिला आजोबांनी.

बाहेर तिनं हातांनी, ओठांनी सांगितलं :
ती क्षमाबिमा काही मागत नाहीये.
ती म्हणतेय, विठू, पत्रा डावीकडे धर, ऊन चाललं,
ऊन चाललं रे,
आणि चहा बंद करा सगळ्यांचा, दूध उधारीचं आहे.

आजोबांनी हे बाईंच्या कानावर घातलं, भीत भीत.
बाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "तिला आणत जा."
वहीत आहे, दर खेळाला : 'कृष्णाबाई मुळे, पास, एक.'
पुढच्या चित्रात राणी पुन्हा मेली,
आणि मरताना म्हणाली,
कृष्णे, घाबरू नकोस हं, तलवार पुठ्ठ्याची आहे.

मग बोलपट आले. लोक कानांनी बघू लागले.
बाईंचा आवाज घोगरा,
उन्हात ओरडून ओरडून गेलेला.
वहीचं शेवटचं पान :
'रिळे, सव्वीस, सराफ्यात दिली.
धुऊन निघालेली चांदी, अठरा तोळे.
दूधवाला, पूर्ण. विठू, चार रुपये.
मुळे कारकून, नको म्हणाले.
बाईंचा पगार'
रेघ.

अखेरच्या चित्राच्या अखेरीस ती होडीत बसून लांब जाते.
तिथं पाटी नव्हती. आजोबांना लिहायला सांगितलीच नाही.
चौसष्ट फूट नुसते ओठ.

काय म्हणाली गं? आजोबा मरेपर्यंत विचारायचे.
मीही विचारलं, थंडीतल्या एका रात्री,
सराफ्यात, गराडूच्या गाडीपाशी.
कृष्णीआजीनं चष्मा पुसला,
छातीवर बोट ठेवलं : मला म्हणाली.
आणि गाडीवाल्याकडे वळून
खुणेनं आणखी मसाला मागितला.