रीळ दुसरं

पट्टणकोडोलीची जत्रा. चार मिनिटं, आवाज नाही.
ढोलावर हात पडतो आणि ऐकू येतो
फक्त प्रोजेक्टरचा पंखा.

भंडारा उधळला की पडद्यावर राख उडते.
पिवळं दिसायला ते आधी माहीत असावं लागतं.

तिकाटणं एकाच जागी रोवलेलं.
गजी नाचाचा फेर; फेराला तोंड नसतं,
साहेबाला मात्र समोरून हवा होता.
उजवीकडून निसटलेला बिरू हेगडे
डावीकडून परत येतो,
दर खेपेला थोडी जास्त धूळ घेऊन.

शेवटी सगळे वाकतात, थेट भिंगाकडे.
पाटी येते: पाहुण्यांना मुजरा.

मी दोनदा मागे नेऊन पाहिलं.
देऊळ कुठल्याच चौकटीत नाही.

कॅमेरा पायरीवरच उभा होता,
देवाकडे पाठ करून.