समुद्रसपाटीपासून उंची

टेंभुर्णे बाईंनी पेनाचं टोपण दातांनी काढलं
आणि विचारलं, समुद्रसपाटीपासून उंची?

आपा सड्याच्या कडेला गेले.
खाली तांबळडेगची वाळू, ओढून ठेवलेल्या तीन होड्या,
एकीवर कुणाचं तरी लुगडं वाळत घातलेलं.
सासरे बराच वेळ बघत राहिले,
मग म्हणाले, "सात माड."
बाईंनी "सात" लिहिलं. मग थांबल्या.
"माड म्हणजे?"
"एकार एक सात माड उभे केल्यार
शेवटच्या झावळाक हंयसून हात लागतलो."

या घरात उंची अशीच मोजतात.
आपांच्या आजोबांच्या माडांवर सरकारी नंबर होते.
कमरेला कोयती, पाठीला भोपळ्याचं भांडं,
दिवसातून तीनदा चढायचं, पोय तासायची,
माडी घेऊन उतरायचं.
उतरताना खाली बघायचं नाही, वरही नाही,
समोरच्या खाचेकडे बघायचं.
आपा मला द्राक्षाची छाटणीसुद्धा
तशीच शिकवायला निघाले होते.

मी दिंडोरीची.
माझ्या रुखवतात करंज्यांचा ताजमहाल नव्हता,
ओल्या गोणपाटात बांधलेल्या चाळीस काड्या होत्या.
नवऱ्याकडच्या बायका हसल्या.
हसण्यासारखंच होतं:
कातळ, वर वीतभर गवत, त्यावर खारा वारा
आणि चार महिने असा पाऊस की छत्रीलाही शेवाळ येतं.

चिऱ्याच्या खाणीवरचे दोघे आले, चाळीस खड्डे पाडले.
माती आम्ही खालून डोक्यावर आणली,
नवरा, मी, आपा, आणि सुट्टीत आलेली नणंद रोहिणी,
जिने अकराव्या घमेल्याला मुंबईची बस पकडली.

बाईंचा पुढचा रकाना, फवारणी.
मी म्हटलं, नाही.
पेन वर झालं. "काहीच नाही?"

आता त्यांना काय सांगू,
माझ्या वडिलांची बोटं मोरचुदाने निळी असायची,
आई त्यांचा सदरा वेगळ्या बादलीत भिजवायची
आणि ती बादली आम्ही कधी पाण्याला वापरली नाही.
लहानपणी मला वाटायचं,
सगळ्यांच्या वडिलांना तोच वास येतो.

"खारो वारो," आपा मध्येच बोलले,
"तो फवारता. बिल देणा नाय."

पहिल्या वर्षी केवडा आला, घड काळे पडून गळले.
दुसऱ्या वर्षी वानरं आली, सहकुटुंब.
तिसऱ्या वर्षी एकतीस बाटल्या.
परवान्यासाठी उत्पादन शुल्काच्या हापिसात गेलो
तर साहेबाने आडनाव वाचून विचारलं,
"माडी सोडून हे कुठे शिकलात?"
आपा म्हणाले, "सोडूक खंय? झाड बदल्ला."

एकतिसावी बाटली बाईंसाठी उघडली.
त्यांनी घोट तोंडात धरला, गिळला,
पुन्हा पेल्यात बघितलं.
"मीठ घातलंय का?"
आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो.
उत्तर रकान्यात मावणारं नव्हतं.

उरलेली आपांनी राखणदाराला नेली.
पडक्या गडग्यापाशी पानाचा द्रोण, एक विडी, गाऱ्हाणं हळू आवाजात.
चार पिढ्या माडी पिणाऱ्याला हे रुचेल का,
याची त्यांना रात्रभर काळजी.
सकाळी द्रोण रिकामा होता.
तळाशी तीन मुंग्या, उताण्या.
आपा खूश.

प्रमाणपत्र ऑगस्टात आलं, पाकीट भिजून फुगलेलं.
नाव बरोबर, गाव बरोबर,
फवारणी निरंक,
समुद्रसपाटीपासून उंची: ७ मीटर.

नवरा म्हणाला, पत्र लिहू, दुरुस्त करून घेऊ.
आपांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला,
बोटाने मोजल्यासारखं केलं.
"अर्धो माड," ते म्हणाले.
"असांदे. आता मी तितकोच चढतंय."