डिझाईन

उद्यमबागेतली पाळी सुटली
की अण्णा जेवायच्या आधी शेडमध्ये शिरत.
अठ्ठ्याहत्तरची फियाट, भंगारातून ओढून आणलेली.
तिला जीपची चाकं, ट्रॅक्टरचा भोंगा,
आणि रंग
आईच्या लग्नातल्या शहापुरी साडीचा.
काठाचा तुकडा कापून नेला होता पेंटरकडे,
त्यावरून आठवडाभर अबोला.

आरटीओतला साहेब भोवती फिरून म्हणाला,
"येन री इदू?"
अण्णा म्हणाले, "फॅमिली री."

आईचा गुडघा गेला त्या वर्षी
त्यांनी डाव्या दाराखाली पायरी जोडली,
रात्री, लेथवर स्वतः घडवलेली.
तिला सांगितलं, डिझाईन आहे.
तीही म्हणाली, बरं.

माझ्या बाळंतपणात
खानापूर रस्त्यावर खड्डा आला
की माझ्याआधी तेच कळवळायचे.

तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक.
निपाणीचं, रोख देणारं.
भरमू किल्ली शोधत राहिला.
आई काठी टेकत गेली,
पायरीवर पाय ठेवला,
आत बसून दार ओढून घेतलं.

काचेआडून काही बोलली.
आम्हाला ऐकू आलं नाही.
त्याला आलं असावं,
चहा तसाच ठेवून गेला.